सतरा-अठरा एकर, कुणा एकाचे नसलेले

मॅनहॅटनच्या पूर्व काठावर, ४२व्या ते ४८व्या रस्त्यांच्या दरम्यान, एकेकाळी कत्तलखाने होते. विल्यम झेकनडॉर्फ नावाच्या बिल्डरने तिथे नवी वसाहत उभारायची म्हणून जागा जमवली होती. संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा बिऱ्हाड शोधत फिरत होता: सचिवालय लेक सक्सेसला एका जायरोस्कोप कारखान्यात, आमसभा फ्लशिंग मेडोजमध्ये. कायम मुक्कामासाठी फिलाडेल्फियाचे नाव जवळजवळ नक्की झाले होते. तेवढ्यात, डिसेंबर १९४६ मध्ये, जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी ८५ लाख डॉलर देऊ केले आणि ही जमीन संघाला मिळाली.

आराखडा कोणाचा, हा प्रश्न जमिनीपेक्षा अवघड होता. स्पर्धा न घेता वॉलेस हॅरिसन यांच्या देखरेखीखाली दहा देशांचे दहा वास्तुविशारद १९४७ मध्ये एका टेबलाभोवती बसवले गेले. फ्रान्सकडून ल कॉर्बुझिए, ब्राझीलकडून चाळिशीही न गाठलेले ऑस्कर निमायर, चीनकडून लिआंग सिचेंग. निमायर यांचा ३२ क्रमांकाचा आराखडा मंडळाला भावला. कॉर्बुझिए मात्र आपल्या २३व्या आराखड्यावर अडून बसले. शेवटी दोन्ही जोडून ‘२३-३२’ तयार झाला. आज दिसणारा ३९ मजली काचेचा उभा फळा आणि त्याच्या पायथ्याशी आमसभेचे बाकदार छत ही त्या तडजोडीची फळे. जे देश पुढे इथे येऊन मसुद्यातल्या एकेका शब्दासाठी भांडणार होते, त्यांच्या घराचा नकाशाही असाच वाटाघाटीतून निघावा, हे फार योग्य झाले. बांधकामासाठी अमेरिकेने साडेसहा कोटी डॉलर बिनव्याजी कर्जाऊ दिले.

आतली सजावट बहुतेक भेटीदाखल आलेली आहे. सुरक्षा परिषदेचे सभागृह नॉर्वेने सजवले, विश्वस्त परिषदेचे डेन्मार्कने, तर आर्थिक व सामाजिक परिषदेचे स्वीडनने. या तिसऱ्या सभागृहात स्वीडिश वास्तुविशारद स्वेन मार्केलिउस यांनी प्रेक्षकांच्या सज्जावरचे छत मुद्दाम उघडे ठेवले; पाइप आणि हवेच्या नळ्या तशाच दिसतात. संघाचे काम कधीच पुरे होत नाही, असा त्याचा अर्थ तिथले मार्गदर्शक सांगत आले आहेत. शोभेच्या कितीतरी वस्तूंपेक्षा ही उघडी नळकांडी अधिक खरे बोलतात.

कलाकृतींनाही इथे राजकारण सुटत नाही. पिकासोच्या ‘गेर्निका’ची विणलेली प्रतिकृती सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर १९८५ पासून होती. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकयुद्धाची बाजू मांडायला आले, तेव्हा तिच्यावर निळा पडदा ओढलेला होता. बाँबवर्षावात होरपळलेल्या गावाचे ते चित्र कॅमेऱ्यांसाठी झाकणे ही त्या वास्तूला मान खाली घालायला लावणारी गोष्ट होती.

कायद्याच्या दृष्टीने हे आवार वेगळेच आहे. १९४७ च्या मुख्यालय करारानुसार महासचिवांच्या संमतीशिवाय अमेरिकी पोलीस आत येऊ शकत नाहीत. संघाचे स्वतःचे टपाल तिकीटही आहे, १९५१ पासून. तरीही दारापर्यंत पोहोचायला व्हिसा अमेरिकेचाच लागतो. १९८८ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांना तो नाकारला गेला, आणि त्यांचे भाषण ऐकायला आमसभेने डिसेंबरात आपली बैठकच जिनिव्हाला नेली.

भारत संस्थापक सदस्य. पण त्या दहा वास्तुविशारदांत भारतीय कोणी नव्हता. ही उणीव चार दशकांनी, जराशी बाजूने, भरून निघाली. संघापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ४३व्या रस्त्यावर, भारताच्या स्थायी प्रतिनिधिमंडळाची इमारत आहे. तिचा आराखडा मुंबईत राहून काम करणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या चार्ल्स कोरिया यांचा. चिंचोळ्या जागेत खाली कार्यालये, वर कर्मचाऱ्यांची घरे आणि अगदी माथ्यावर आकाशाला उघडी मोठी ओसरी. पणजीची कला अकादमी पाहिलेल्यांना हा हात लगेच ओळखू येईल. मुख्यालयाच्या हिरवळीवर १४ डिसेंबर २०२२ रोजी गांधीजींचा अर्धपुतळा बसला. तो घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी.

सगळ्याच देशांना भारतासारखी स्वतंत्र इमारत परवडत नाही. मॅनहॅटनचे भाडे छोट्या देशांचे कंबरडे मोडते. म्हणून राष्ट्रकुलातल्या काही छोट्या देशांसाठी १९८३ पासून न्यूयॉर्कमध्ये सामाईक कार्यालय चालवले जाते. तिथून निघालेला प्रतिनिधी आमसभेत येतो, तेव्हा त्याची खुर्ची कुठे असेल हे देशाच्या आकारावर ठरत नाही: दरवर्षी महासचिव चिठ्ठी काढतात, निघालेल्या देशाला पहिली जागा मिळते आणि बाकीचे इंग्रजी वर्णक्रमाने त्याच्यामागे बसतात.