पोटमाळ्यावर लपवलेले ठोके

काही मनगटी घड्याळांची तबकडी मुद्दाम कापून काढलेली असते. काटे असतात, तासांच्या खुणा असतात. पण मधून आतली चाके, कमानी आणि माणके उघडी दिसतात. चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्याही कोरून जाळीसारख्या केलेल्या असतात. अशा घड्याळाला 'स्केलेटन' म्हणजे सांगाडा म्हणतात. आज ज्या मशीनची माहिती घ्यायची आहे, त्याचे असे उघडे अवतार आता दुकानांच्या काचेमागे दिमाखात बसलेले असतात. पण एके काळी ते कायमचे नाहीसे व्हायचे एका माणसामुळे वाचले. त्या मशीनचे नाव 'एल प्रिमेरो'. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'पहिला'.

स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावात झेनिथ ही 1865 साली स्थापन झालेली घड्याळ कंपनी आहे. तिने 1962 मध्ये एक अवघड काम हाती घेतले. मनगटी घड्याळात वेळ मोजण्याचे 'स्टॉपवॉच' बसवले, की त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. अशी घड्याळे तेव्हाही होती, पण त्यांना रोज किल्ली द्यावी लागे. दुसरीकडे हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारी ऑटोमॅटिक घड्याळेही होती. त्यांच्यात एक जड अर्धचकती फिरत असते आणि ती कमान गुंडाळते. या दोन गोष्टी एकत्र का आल्या नव्हत्या? कारण दोघींनाही जागा हवी ती मशीनच्या पाठीवरच. क्रोनोग्राफच्या तरफा आणि चाके तिथे दाटीवाटीने बसलेली. त्यावर फिरती चकती ठेवायची, तर घड्याळ डबीएवढे जाड व्हायचे.

अनेक कंपन्या या शर्यतीत होत्या. 10 जानेवारी 1969 रोजी झेनिथने आपले मशीन जाहीर केले. मार्चमध्ये ह्यूअर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या भागीदारांचे आले, जपानच्या सेइकोचेही त्याच वर्षी बाजारात आले. पहिला मान कोणाचा, यावर घड्याळप्रेमी आजही वाद घालतात. पण एका बाबतीत एल प्रिमेरो वेगळे होते. जुन्या किल्लीच्या घड्याळांचे ठोके बहुधा सेकंदाला पाच पडत. याचे पडत दहा, म्हणजे तासाला 36,000. त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येऊ लागला. एवढ्या वेगात साधे तेल उडून जाते, म्हणून कोरडे वंगण वापरावे लागले. आणि हे सारे साडेसहा मिलिमीटर जाडीत बसवलेले.

आतली करामत पाहण्यासारखी आहे. बटण दाबले, की बुरुजासारखे उभे खांब असलेले एक छोटे चाक एक घर पुढे सरकते. तरफांची टोके कधी खांबावर चढतात, कधी दोन खांबांमधल्या फटीत उतरतात. त्यावरून काटा चालतो किंवा थांबतो. काटा शून्यावर आणणारा भाग पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा असतो. त्याच्यावर तरफ आपटली, की तो कुठेही असला तरी फिरून आपल्या खोलगट जागी येतो आणि काटा झटकन शून्यावर.

पण 1969 च्या डिसेंबरमध्येच सेइकोने टोकियोत क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला काढले. बॅटरीवरची ही घड्याळे अधिक अचूक होती, पुढे स्वस्तही झाली. स्विस उद्योग हादरला. झेनिथची मालकी तोवर शिकागोच्या, नावाने योगायोगाने तिच्यासारख्याच, झेनिथ रेडिओ कंपनीकडे गेली होती. तिने 1975 मध्ये हुकूम काढला: यांत्रिक घड्याळे बंद, त्यांची अवजारे विकून टाका.

इथे शार्ल वेर्मो नावाचा कारागीर पुढे येतो. तो कार्यशाळेचा प्रमुख होता. मशीनचा प्रत्येक पत्रा ज्या ठशाने कापला जातो तो ठसा गेला, की ते मशीन पुन्हा जन्माला येणे जवळजवळ अशक्य, हे त्याला ठाऊक होते. बियाणेच विकून टाकल्यावर पीक कुठून येणार? त्याने वरिष्ठांना विनवले. उपयोग झाला नाही. मग त्याने ठसे, कापण्याची हत्यारे, आराखडे असे सारे गुपचूप कारखान्याच्या पोटमाळ्यावर नेऊन ठेवले. कोणते हत्यार कशासाठी, याच्या नोंदीही केल्या.

कंपनी 1978 मध्ये स्विस मालकाकडे परत आली. 1984 मध्ये उत्पादन पुन्हा सुरू करायचे ठरले, तेव्हा पोटमाळ्यावरचा तो ठेवा कामाला आला. रोलेक्सने 1988 च्या आपल्या 'डेटोना' घड्याळात याच मशीनचा पाया घेतला. मात्र बरेच भाग बदलले आणि ठोके तासाला 28,800 वर आणले. 2000 सालापर्यंत रोलेक्स ते वापरत होती.

मग घराणे वाढत गेले. चंद्राच्या कला, वार आणि महिना दाखवणारे भावंड होतेच. 2003 मध्ये तबकडीला खिडकी पाडून आतला धडधडणारा बॅलन्स दाखवणारे मशीन आले. 2017 च्या 'एल प्रिमेरो 21' मध्ये वेळेसाठी आणि क्रोनोग्राफसाठी वेगळे बॅलन्स बसवले. दुसऱ्याचे ठोके तासाला 3,60,000, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. त्याचा काटा सेकंदात एक फेरी मारतो. त्याची तबकडीही उघडी आहे.

सांगाडा कोरताना एक पथ्य पाळावे लागते. दोन चाकांमधले अंतर ज्या धातूने राखले आहे, त्याला हात लावायचा नाही. तो वाकला, तर दाते अडकतात आणि घड्याळ बंद पडते. बाकीचे काढता येते. कोणती गोष्ट टाकाऊ आणि कोणती नाही, हे ओळखणे हीच त्यातली विद्या. 1975 च्या हुकुमात नेमकी ती नव्हती, वेर्मोकडे होती. उघड्या घड्याळात आपल्याला सगळे भाग दिसतात. ते ज्या ठशांतून निघाले आणि ज्याने ते ठसे राखले, ते मात्र कोणत्याही काचेतून दिसत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)