पाण्याचा जमाखर्च

मूत्रपिंड प्रत्यारोपण म्हटले की प्रथम शल्यविशारदाचेच नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावास बसवले. हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण होय. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु रुग्णाच्या उशाशी उभा असलेला भूलतज्ज्ञ त्या काही तासांत काय करतो, हे बाहेर बसलेल्या नातेवाइकांना क्वचितच कळते. व्यापारी घराच्या भाषेत सांगायचे तर, तो रुग्णाच्या शरीरातील पाण्याचा जमाखर्च सांभाळत असतो.

आरंभीची शिल्लक

डायलिसिसवरील रुग्णाचे मूत्रपिंड पाणी बाहेर टाकू शकत नाही. ते यंत्र काढते. आदल्या दिवशी यंत्राने अधिक पाणी काढले असेल, तर भूल देताच रक्तदाब घसरतो. कमी काढले असेल, तर फुप्फुसांत पाणी साचण्याचे भय असते. म्हणून शेवटचे डायलिसिस केव्हा झाले, त्यानंतर वजन किती भरले, दिवसाला लघवी किती होते, हे भूलतज्ज्ञ बारकाईने विचारतो. ज्या हातावर फिस्टुला आहे, त्या हातास रक्तदाबाचा पट्टा किंवा सलाइनची सुई लावली जात नाही.

क्लॅम्प सुटण्याचा क्षण

नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवत नाहीत. ते ओटीपोटाच्या एका बाजूस, बहुधा उजवीकडे, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. निरोगी मूत्रपिंड रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी स्वतःचा रक्तपुरवठा सावरून धरते. काही काळ बर्फाच्या थंडीत राहिलेल्या आणि नसा तुटलेल्या मूत्रपिंडात ते सामर्थ्य नसते. दाब उतरला की त्याचा रक्तपुरवठाही उतरतो.

अडचण अशी की, रक्तवाहिन्यांवरील क्लॅम्प सुटताच नेमका रक्तदाब उतरू पाहतो, कारण बरेचसे रक्त नव्या मूत्रपिंडात शिरते आणि तेथे साठलेली द्रव्ये शरीरात पसरतात. म्हणून त्या क्षणापूर्वीच शिरेतून पुरेसे द्रव देऊन वरचा रक्तदाब बहुधा १२० ते १३०च्या वर ठेवतात. रक्तवाहिन्या आकसवून दाब वाढवणारी औषधे जपून वापरावी लागतात. त्यांनी नव्या मूत्रपिंडाचीच धमनी आकसण्याची शक्यता असते. द्रव अति झाले तर हृदयावर व फुप्फुसांवर भार येतो. पूर्वी सढळ हाताने पाणी देण्याची रीत होती. आता हृदय प्रत्येक मात्रेस कसा प्रतिसाद देते, हे पाहून पुढची मात्रा ठरवण्याकडे कल आहे.

कोणते पाणी?

रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढलेले असते. म्हणून पोटॅशियमरहित साधे सलाइनच सुरक्षित, असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु सलाइनमधील क्लोराइड अधिक झाल्यास रक्तातील आम्ल वाढते आणि पेशींतील पोटॅशियम रक्तात उतरते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८०८ रुग्णांवरील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत दात्यांची मूत्रपिंडे बसवली होती. सलाइन दिलेल्यांपैकी ४० टक्के रुग्णांत नवे मूत्रपिंड उशिरा चालू झाले. संतुलित क्षार असलेले द्रव दिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते.

दाता आणि चौविहार

आपल्याकडे दाता बहुधा घरातलाच असतो: आई, पत्नी, भाऊ. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दात्याच्या पोटात वायू भरतात. त्याच्या दाबाने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून दात्यासही पुरेसे द्रव द्यावे लागते. सूर्यास्तापासून चौविहार पाळणारी माता सकाळी आठ वाजता शस्त्रक्रियागृहात येते, तेव्हा तिच्या पोटात तेरा-चौदा तास पाण्याचा थेंब गेलेला नसतो. भूल देण्यापूर्वी दोन तासांपर्यंत स्वच्छ पाणी घेण्यास सामान्यतः मुभा असते, पण ती घेतलेली नाही हे डॉक्टरांना कोणी सांगत नाही. हे आदल्या दिवशीच सांगितले, तर रात्रीच शिरेतून द्रव देऊन ती तूट भरून काढता येते.

प्रत्यारोपणानंतर हिशेब उलटा होतो. वर्षानुवर्षे पेल्याने मोजून पाणी पिणाऱ्यास आता भरपूर प्यावे लागते. प्रारंभी दर तासाच्या लघवीइतके द्रव परत भरले जाते. पुढे नकाराचे औषध बहुधा बारा-बारा तासांनी, त्याच ठरलेल्या वेळी घ्यावे लागते. सायंकाळची वेळ सूर्यास्तापूर्वी बसेल अशी आखून देण्याची विनंती प्रारंभीच डॉक्टरांना करता येते. पर्युषणातील निर्जळ उपवासाचा निर्णय मात्र रुग्णाने व दात्याने मूत्रपिंडतज्ज्ञास विचारल्याविना घेऊ नये. प्रत्याख्यानात आगार ठेवलेले आहेत, ते अशाच प्रसंगांसाठी. महाराजसाहेबांपुढे प्रकृतीची वस्तुस्थिती मांडून मार्गदर्शन घ्यावे, आणि तीच वस्तुस्थिती, काही न लपवता, डॉक्टरांपुढेही मांडावी.