कंडक्टर नसलेलं शहर

भिलाईच्या हथखोज औद्योगिक परिसरात फॅब्रिकेशन, ओतकाम, मशिनिंग असं जे काही चालतं, त्याचा पोलादाशी कुठे ना कुठे संबंध येतोच. या धंद्यातल्या माणसाच्या कानावर युरोपातलं एक नाव पॅरिस-लंडनइतकंच पडलेलं असतं. ते म्हणजे जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. तिथे दर चार वर्षांनी गीफा आणि मेटेक ही ओतकामाची नि धातुउद्योगाची मोठी प्रदर्शनं भरतात. मागची २०२३ च्या जूनमध्ये झाली, पुढची २०२७ च्या जूनमध्ये आहेत. व्हिसा, स्टॉल, नमुन्यांच्या पेट्या यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. तिथे पोचल्यावर रोज हॉटेलातून प्रदर्शनात जायचं कसं, हा प्रश्न मात्र विमानातून उतरल्यावरच सुचतो.

टॅक्सी केली की झालं, असं वाटतं खरं. पण प्रदर्शनाच्या दिवसांत ड्युसेलडॉर्फमधल्या खोल्यांचे भाव असे चढतात की बरेच पाहुणे एसेन, डुइसबुर्ग किंवा कोलोनला मुक्काम करतात. मग रोज दोन वेळा टॅक्सी म्हणजे नमुन्यांपेक्षा भाडं महाग. ट्राम, मेट्रो, लोकल शिकून घेणं हाच शहाणपणा, आणि त्याला अर्धा दिवस पुरतो.

सगळ्यात आधी बुचकळ्यात टाकतं ते फाटक, किंवा खरं तर त्याचं नसणं. दिल्ली किंवा नागपूर मेट्रोत तिकीट नाही तर कार्ड टेकवल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ड्युसेलडॉर्फमध्ये रस्त्यावरून जिना उतरला की माणूस थेट फलाटावर. कुणी अडवत नाही, कंडक्टर येत नाही, तिकीट कुणी मागत नाही. मुंबईच्या लोकलचा प्रकारही मुळात हाच आहे: दार उघडं, टीसी कधीतरी. फरक इतकाच की ड्युसेलडॉर्फचा तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतो. शेजारी उभा असलेला माणूस दार बंद झाल्यावर खिशातून ओळखपत्र काढतो. विनातिकीट सापडल्यास ६० युरो, म्हणजे सुमारे सहा हजार रुपये. जर्मन कायद्यात हा फौजदारी गुन्हाही आहे, त्यामुळे ‘पाहुणा आहे, माहीत नव्हतं’ या सबबीवर भिस्त ठेवू नये.

खरी गोम आहे शिक्क्यात. तिकीट विकत घेतलं म्हणजे ते लागू झालं असं नाही. काही तिकिटं यंत्रातून तारीख-वेळ छापूनच येतात, काही कोरी येतात. कोऱ्या तिकिटावर ‘एंटवेर्टन’ असा शब्द दिसला की ते फलाटावरच्या किंवा डब्यातल्या छोट्या पेटीत सरकवून शिक्का मारून घ्यायचा. पैसे भरूनही शिक्का राहिला, तर तपासनिसाच्या लेखी ते तिकीट नाहीच. फोनवर तिकीट घेणाऱ्याची यातून सुटका होते. ‘ईझी’ नावाची सोय त्याहून सोपी: चढताना फोनवर नोंद करायची, उतरल्यावर ती बंद करायची, आणि दोन ठिकाणांमधल्या सरळ रेषेतल्या अंतरावर भाडं कापलं जातं. ट्रामने कितीही वळसे घेतले तरी त्याचा भुर्दंड नाही.

गाड्यांची अक्षरंही लक्षात ठेवावी लागतात. ‘यू’ म्हणजे शहरातली, काही भाग भुयारातून आणि काही रस्त्यावरून धावणारी गाडी. ‘एस’ म्हणजे लोकल. ‘आरई’ म्हणजे गावोगाव जोडणारी जलद गाडी. मुख्य स्थानकावरून प्रदर्शनाला नेतात त्या यू ७८ आणि यू ७९. एसेन आणि डुइसबुर्ग ड्युसेलडॉर्फच्याच भाडेसंघात येतात, कोलोन मात्र दुसऱ्या संघात. कोलोनला राहणाऱ्याने तिकीट घेताना हे पाहिलंच पाहिजे. इतकी बारीक भाडेरचना पाहुण्यांसाठी तर सोडाच, खुद्द जर्मनांसाठीही डोकेदुखी होती. म्हणूनच २०२३ च्या मे महिन्यात देशभराच्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांसाठी महिन्याला ४९ युरोंचा एकच पास निघाला. जानेवारी २०२६ पासून तो ६३ युरोंचा झाला आहे. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत तो चालत नाही. शिवाय तो वर्गणीसारखा आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केला नाही, तर माणूस भिलाईला परतल्यावरही पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

आणि जर्मन वक्तशीरपणा? २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांहून कमी उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. परतीचं विमान गाठायचं असेल तर एक गाडी आधीचीच धरावी.

भिलाईच्या जुन्या पिढीला युरोप भेटला तो वेगळ्या वाटेने. १९५५ च्या करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला आणि इथले अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. मॉस्कोच्या मेट्रोत १९६१ पासून तीस वर्षं भाडं एकच, पाच कोपेक. नाणं टाकायचं आणि आत जायचं. झोन नाही, शिक्का नाही. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत घोषणेला पुरुषाचा आवाज आणि बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईचा, ही तिथली पद्धत. रशियन न येणाऱ्यालाही दिशा चुकली की कानाने कळावं. जर्मनांनी आपल्याकडे राउरकेलाचा पोलाद कारखाना उभारला, पण इतकी सोपी भाडेपद्धत त्यांना स्वतःच्या घरी जमलेली नाही, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

प्रदर्शनातून एक दुपार मोकळी मिळाली, तर पोलादाच्या माणसाने बाजारात न जाता यू ७९ मध्ये बसून राहावं. ती गाडी शहराची हद्द ओलांडून डुइसबुर्गला जाते. तिथल्या मुख्य स्थानकावरून ९०३ क्रमांकाची ट्राम ‘लांडशाफ्ट्सपार्क नॉर्ड’ या थांब्यावर सोडते. १९०१ मध्ये स्थापन झालेला तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. तो पाडून टाकण्याऐवजी पीटर लाट्झ या रचनाकाराने त्याचं उद्यान केलं. पाच नंबरच्या ब्लास्ट फर्नेसवर जिन्याने चढता येतं, जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात. प्रवेशाला पैसे नाहीत. भट्टीवर आयुष्य घातलेल्या माणसाला इथे वाटाड्या लागणार नाही. संध्याकाळी रोषणाई पाहून परतायचं असेल तर परतीच्या ट्रामची वेळ थांब्यावरच्या पाटीवर आधी पाहून ठेवावी. रात्री आणि रविवारी गाड्या विरळ होतात.