उंबरठा, वेस आणि रक्तपिशाच

मराठी भयकथेच्या वाचकाला भुतांची कधी वाण पडली नाही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होऊन डोहात बसतो. वासना अडकलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो. चकवा रात्री शिवारात वाट चुकवतो. प्रत्येकाचे नाव ठरलेले, जागा ठरलेली आणि तक्रारही ठरलेली. मात्र ज्याने झपाटलेला माणूस स्वतःच भूत होतो आणि शेजाऱ्याच्या दारावर जाऊन उभा राहतो, असे भूत या यादीत सापडत नाही. असे भूत नसेल, तर रक्तपिशाचांनी अख्खे शहर व्यापल्याची कादंबरी लिहिता येत नाही. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांची परंपरा आहे. मराठीत ती का रुजली नाही, आणि जिथे कलम लावले गेले तिथे काय काय बदलावे लागते, हे पाहण्यासारखे आहे.

साथीतून जन्मलेले भूत

युरोपातले रक्तपिशाच मुळात साथीचे भूत आहे. 1725मध्ये सर्बियातल्या किसिलोव्हा गावात आणि 1731च्या अखेरीस मेद्वेजा गावात लोक पाठोपाठ मरू लागले. गावकऱ्यांनी दोष नुकत्याच पुरलेल्या मृतांवर ठेवला. त्या काळी तो मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. मेद्वेजात लष्करी शल्यवैद्यांनी थडगी उकरून रीतसर अहवाल लिहिला, आणि त्यातूनच 'व्हॅम्पायर' हा शब्द पश्चिम युरोपभर पसरला. प्रेते फुगलेली होती, तोंडाशी रक्त होते, नखे वाढल्यासारखी दिसत होती. आज वैद्यक सांगते की कुजताना शरीरात वायू साठतो, रक्तमिश्रित द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि कातडी आक्रसल्याने नखे लांब दिसतात. गावकऱ्यांना मात्र एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते : एका घरातला मेला की पुढचा त्याच्याच जवळचा का मरतो? क्षयाच्या साथीत अमेरिकेतही हेच घडले. 1892मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावात क्षयाने गेलेल्या मर्सी ब्राऊन या तरुणीचे प्रेत बाहेर काढून तिचे काळीज जाळण्यात आले, ते तिच्या आजारी भावाला वाचवण्यासाठी. तो वाचला नाही.

साथीचे हे मूळ लक्षात घेतले की आधुनिक कादंबऱ्यांची रचना उलगडते. रिचर्ड मॅथिसनच्या 'आय ॲम लेजंड'मध्ये (1954) रक्तपिशाच होणे हा सरळ जंतुसंसर्गच आहे. लॉस एंजेलिसमध्ये एकच माणूस उरला आहे. तो दिवसा शिकार करतो आणि रात्री खिडक्यांना फळ्या ठोकून बसतो. रॉबर्ट मॅकॅमनच्या 'दे थर्स्ट'मध्ये (1981) त्याच शहरावर रक्तपिशाचांचा राजा चालून येतो आणि वाळूचे प्रचंड वादळ शहराच्या वाटा बंद करते. या दोहोंच्या मधे येते स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (1975). ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, असा प्रश्न किंगला पडला होता. न्यूयॉर्कमध्ये तो टॅक्सीखालीच जाईल, असे गमतीने सुचवले गेले. किंगने मग शहर सोडून एक छोटे गाव निवडले. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, पण दार लावल्यावर आत काय चालते हे कोणाला कळत नाही. घरामागून घर अंधारात जाते आणि बराच काळ गाव आपल्या नेहमीच्या व्यवहारातच असते. त्या कादंबरीतली खरी भीती इथे आहे.

देह कुठून आणायचा?

मराठी वाचकाला ही कथा भेटली ती नारायण धारप (1925–2008) यांच्या 'लुचाई'मधून. तिची बैठक 'सेलम्स लॉट'वर आहे हे धारपांचे वाचक जाणतात. पाश्चात्य भयकथेचे बीज घेऊन ते मराठी घरात, मराठी नात्यागोत्यांत पेरण्याचे काम धारपांनी आयुष्यभर केले. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीने त्यांच्या कादंबऱ्या वाचनालयातल्या, कोपरे दुमडलेल्या प्रतींतून वाचल्या. शेवटचे पान गळालेले निघाले, तर शेवट वर्गातल्या मित्राकडून ऐकावा लागे.

पण रक्तपिशाचाची कथा मराठीत आणणाऱ्या कोणाही लेखकापुढे तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण देहाची. रक्तपिशाच म्हणजे आत्मा गमावलेला देह, तर आपले भूत म्हणजे देह गमावलेला आत्मा. जिथे बहुसंख्य प्रेते त्याच दिवशी चितेवर जातात, तिथे रात्री थडग्यातून उठणार कोण? आपल्याकडेही लहान मुलांना, संन्याशांना, लिंगायतांना पुरतात. मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांत दफनच होते. पण लोककल्पनेतल्या भुताला पडून राहायला पेटी लागत नाही. त्याला झाड, विहीर किंवा पडका वाडा पुरतो.

या दोन कल्पनांच्या मधे उभा असलेला एकटाच म्हणजे वेताळ, कारण तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. रिचर्ड बर्टनने 1870मध्ये वेताळकथा इंग्रजीत आणताना पुस्तकाच्या नावात वेताळाला 'व्हॅम्पायर' केले ते बहुधा यामुळेच. पण हा वेताळ कोणाचे रक्त पीत नाही. तो राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त हा राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. बदनापूरहून पैठण फार लांब नाही. ज्या मुलखाने प्रेताच्या तोंडी न्यायाचे प्रश्न घातले, त्याला नुसत्या भुकेने हिंडणारे प्रेत परके वाटले, तर नवल नाही.

दुसरी अडचण शस्त्राची. क्रूस आणि पवित्र पाणी यांच्या जागी काय ठेवायचे? मंत्र, अंगारा, रुद्राक्ष ठेवता येतात. पण युरोपीय कथेत क्रूसामागे एकच चर्च उभे असते. आपल्याकडे प्रत्येक घराचे कुलदैवत वेगळे. धारपांनी इतर कथांत समर्थ आणि अप्पा जोशी ही जोडी उभी केली. कोणत्याही एका देवळापेक्षा साधनेने मिळवलेल्या बळावर भर देणारा हा मार्ग मराठी वाचकाला मानवला.

तिसरी गोष्ट मात्र अडचण नाही, देणगी आहे : उंबरठा. बोलावल्याशिवाय रक्तपिशाच घरात येऊ शकत नाही, हा नियम मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दारात आलेल्याला 'या, बसा' म्हणणे हा आपला धर्म. अनोळखी माणसाला पाणी न देणारे घर गावात नाव गमावते. म्हणून हीच कथा आपल्या अंगणात अधिक झोंबते. पाहुणचाराचा संस्कारच इथे घात करणारा ठरतो.

वेशीवरचा गाडा

आपल्याकडे साथी नव्हत्या असे नाही. पटकी आणि देवीने गावे ओस पडली. पण त्या साथींना मराठी मनाने मेलेल्या शेजाऱ्याचे रूप दिले नाही, देवीचे दिले. मरीआई कोपली म्हणून साथ आली. तिची पूजा करायची, तिला गाड्यात बसवायचे, वाजतगाजत वेशीपर्यंत न्यायचे आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे. यात एक दिलासा होता. मेलेला आपला माणूस आपलाच राहत असे. त्याच्या छातीत खुंटी ठोकण्याची वेळ कोणावर येत नसे. पण यात एक निष्ठुरताही होती : गाडा शेवटी कोणाच्या तरी वेशीत जातच असे.

1897मध्ये या दोन कल्पना एकमेकींशेजारी उभ्या राहिलेल्या दिसतात. मे महिन्यात लंडनमध्ये ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली. तिच्यात संकट जहाजातून बंदरात उतरते. मुंबईत त्याआधीच, सप्टेंबर 1896मध्ये, मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. बंदरालगतच्या त्या वस्तीतून तो शहरभर पसरला आणि लाखो लोक मुंबई सोडून गेले. फेब्रुवारी 1897मध्ये साथरोग कायदा आला. 22 जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्यामागे प्लेगच्या झडत्यांचा संताप होता. सोजिर बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडून माजघरापर्यंत आले होते. लंडनच्या वाचकाला भीती वाटत होती ती परदेशातून येणाऱ्या उमरावाची. पुण्याच्या गृहस्थाला भीती होती साथीची आणि साथीच्या नावाने घरात शिरणाऱ्या सत्तेचीही.

तोच 1897चा कायदा मार्च 2020मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. टाळेबंदीत मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी बाभळीच्या फांद्या टाकून वेशी बंद केल्या. पुण्या-मुंबईहून आलेला स्वतःचा मुलगा शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवला गेला. त्या दिवसांत 'लुचाई' पुन्हा वाचताना मला पहिल्यांदा जाणवले की आपण सगळे त्या कादंबरीतल्या घरात बसलो आहोत, आणि दारावर थाप पडू नये म्हणून जपतो आहोत. संसर्ग खरा होता, काळजीही खरी होती. पण कादंबरीतल्या घराबाहेर रक्तपिशाच असते. आमच्या घराबाहेर माणसे होती.

8 मे 2020च्या पहाटे बदनापूर आणि करमाड स्थानकांच्या दरम्यान एका मालगाडीखाली सोळा मजूर मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले ते कामगार मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते. रस्ते बंद म्हणून रुळांवरून चालत आले, दमले, आणि गाड्या बंद आहेत असे समजून तिथेच झोपले. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. त्या रात्री ते याच शिवारांच्या कडेने गेले असणार. त्यांनी कोणाचे दार वाजवले नाही. वाजवले असते तर आपण उघडले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. छातीठोक उत्तर देता आलेले नाही.

रक्तपिशाचांच्या कादंबऱ्या वाचाव्यात. त्या साथीचा स्वभाव अचूक सांगतात : ती जवळच्याकडून जवळच्याकडे जाते आणि दार कसे लावायचे ते शिकवते. दार लावल्यावर बाहेर कोण उरले, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी वेताळाकडे जावे लागते. तो खांद्यावर बसून प्रश्न विचारतो, आणि उत्तर माहीत असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील असे बजावतो.