पुढची रायफल घेण्याआधी

पहिली रायफल बहुतेक घरांत उत्साहाच्या भरात येते. उन्हाळी शिबिरात मुलीचा नेम बरा लागतो, सर म्हणतात हिला चालू ठेवा, आणि वडील देशी बनावटीची स्प्रिंगची एअर रायफल घेऊन टाकतात. खरी पंचाईत वर्ष-दोन वर्षांनी होते. जिल्ह्याच्या स्पर्धेत शेजारच्या लेनवर फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, अन्शुट्झ दिसू लागतात. असली नवी परदेशी मॅच रायफल अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. घरात भिशी आणि पतपेढीचं कर्ज धरून जमतात दोन लाख. मग पुढची रायफल कोणती घ्यायची?

महाराष्ट्रात हा प्रश्न पडणारी घरं पुष्कळ आहेत. अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या शिक्षकाचा हा मुलगा. त्यामुळे रायफल आता फक्त बंगलेवाल्यांच्या घरातली वस्तू राहिलेली नाही. पण पैसा मोजका असला की चुकीची खरेदी परवडत नाही.

आधी ग्रुप मोजा

10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट 4.5 मिलिमीटरचा. पेलेटची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की दहा पक्के. थोडक्यात, 5 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात सगळे मध्य बसवणारी रायफल सगळे दहा मारू शकते. पुढचे दशांश मिळवायला ते वर्तुळ आणखी लहान लागतं, 10.9 साठी मध्य पाव मिलिमीटरच्या आत हवा.

आता आपली रायफल काय करते ते पाहा. ती टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर नीट टेकवून एकाच कागदावर दहा पेलेट मारा आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. हा रायफलचा ग्रुप. मग मुलीला उभं राहून तसेच दहा मारू द्या. या दुसऱ्या ग्रुपमध्ये रायफल आणि हात या दोघांचाही दोष आहे.

इथे एक गणित समजून घेतलं पाहिजे. हाताचा आणि रायफलीचा दोष यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. ढोबळ अंदाजाला ही रीत पुरते. समजा हाताचा दोष 12 मिलिमीटर आणि जुन्या रायफलीचा 6. एकूण झाले साधारण 13.4. दीड मिलिमीटरची मॅच रायफल आणली तर एकूण होतील 12.1. म्हणजे अडीच-तीन लाख मोजून मिळाला सव्वा मिलिमीटर. पण तीच मुलगी सरावाने 4 मिलिमीटरवर आली, तर जुनी रायफल तिला 7.2 देते आणि नवी 4.3. आता मात्र रायफलच तिला अडवते आहे.

तेव्हा शेजारच्या लेनवर काय आहे ते पाहून ठरवू नका. हाताचा ग्रुप रायफलीच्या ग्रुपच्या जवळ आला की समजायचं, बदलायची वेळ झाली.

स्प्रिंगची रायफल बदलायला आणखी एक सबळ कारण आहे. रिकामी चालवली तर तिच्या पिस्टनला धक्का बसतो, म्हणून तिच्यावर ड्राय फायरिंग करता येत नाही. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलींत त्याची सोय असते. घरच्या भिंतीवर ठिपका चिकटवून, एकही पेलेट खर्च न करता, ट्रिगरचा रोज अर्धा तास सराव होतो. ज्याला रेंजवर आठवड्यातून दोनदाच जाणं जमतं, त्याच्यासाठी ही सोय लाखमोलाची.

अंगाला बसते का?

वाढत्या मुलांना गणवेश आपण दोन बोटं मोठा घेतो. रायफल तशी घेता येत नाही. उभ्याने मारताना डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि रायफलीचं वजन हाडांतून खाली जमिनीवर उतरतं. स्टॉक लांब पडला की मूल मागे झुकतं आणि वजन पाठीच्या स्नायूंवर येतं. नियमात 10 मीटर एअर रायफलला 5.5 किलोपर्यंत मुभा आहे. ती कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चार किलोच्या आसपासची, छोट्या स्टॉकची रायफल बरी. 60 शॉट 75 मिनिटांत मारायचे असतात. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा थरथरू लागला तर उत्तम नळीही काही करू शकत नाही.

दुकानात एवढं करून पाहा. रायफल खांद्याला लावून मुलाला डोळे मिटायला सांगा, गाल चीकपीसवर सैल टेकवू द्या, मग डोळे उघडायला सांगा. मान न हलवता पीप साइटच्या मधोमध पुढची साइट दिसली तर बसली. नाही दिसली, तर चीकपीस आणि बटप्लेट सरकवून पाहा. तरीही जमेना, तर ती रायफल कितीही नावाजलेली असो, आपली नव्हे. बटप्लेट, चीकपीस आणि स्टॉकची लांबी तिन्ही सरकणारी असतील तर एकच रायफल पुढची पाच-सहा वर्षं निभावते.

जुनी घ्यावी का?

घ्यावी, पण तपासून. 10 मीटरच्या रायफलीत गेल्या वीस वर्षांत मुळापासून काही बदललेलं नाही. अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं तेव्हाच्या पिढीची नीट राखलेली रायफल आजही सगळे दहा मारण्याइतका घट्ट ग्रुप देते. फाइनवर्कबाऊ 700, वॉल्थर एलजी 300, अन्शुट्झ 8002 या त्याच काळातल्या रायफली. खेळ सोडणारे, नवं मॉडेल घेणारे खेळाडू त्या विकत असतात. क्लबच्या सरांना विचारलं की कळतं.

पहिली नजर हवेच्या सिलिंडरवर टाका. त्यावर तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक सिलिंडरला 10 वर्षांचं आयुष्य देतात. तारीख उलटलेला सिलिंडर धोक्याचा असतोच, शिवाय स्पर्धेच्या तपासणीत अडकू शकतो. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच भाव बोला. दुसरं, सिलिंडर भरून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आलेला असेल तर सील गळतंय. तिसरं, क्रोनोग्राफवर दहा शॉटचा वेग मोजा. तो सेकंदाला 170 मीटरच्या आसपास असावा आणि शॉटागणिक दोन-तीन मीटरपेक्षा जास्त खालीवर होऊ नये. जास्त होत असेल तर रेग्युलेटर दुरुस्तीला आलाय. चौथं, पिशव्यांवरचा ग्रुप स्वतः मारून पाहा. विकणाऱ्याने दाखवलेला जुना कागद धरू नका.

व्यवहार कागदावर करा आणि त्यात रायफलीचा क्रमांक लिहून घ्या. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच रायफली या मर्यादेत बसतात. काडतुसाच्या पॉइंट टू टू बोअर रायफलीला मात्र परवाना लागतो आणि काडतुसांचा खर्चही मोठा, म्हणून ती उडी इतक्यात नको.

खरा खर्च पेलेटचा

रायफल एकदा घेतली की झालं, पेलेट मात्र रोज लागतात. दिवसाला 100 आणि महिन्याला 20 दिवस सराव धरला तर वर्षाला 24,000 पेलेट होतात, म्हणजे 500 चे 48 डबे. डबा हजार रुपयांचा धरा. वर्षाचे 48,000 झाले. तीन वर्षांत पेलेटवरच जवळजवळ दीड लाख जातात. रायफलीत सगळे पैसे घालणारं घर सहाव्या महिन्यात पेलेट मोजून द्यायला लागतं, आणि सरावच थांबतो.

शिवाय प्रत्येक नळीला प्रत्येक पेलेट मानवत नाही. 4.49, 4.50, 4.51 अशा डोक्याच्या मापांत पेलेट मिळतात. दोन-तीन जातींचे थोडे थोडे घेऊन पिशव्यांवर मारून पाहा. जो ग्रुप घट्ट देईल त्याच लॉटचे स्पर्धेसाठी साठवा आणि सरावाला स्वस्तातले वापरा. एवढ्यानेही ग्रुप सुधारतो आणि खर्च अगदी किरकोळ. जॅकेट, पँट आणि बूटही अंगाच्या मापाचे हवेत. देशी बनावटीचे चांगले मिळतात.

म्हणून हातात दोन लाख असतील तर वाटणी अशी करावी. एक-सव्वा लाखात, अंगाला बसणारी, सिलिंडरची मुदत शिल्लक असलेली वापरलेली मॅच रायफल. तीस-पस्तीस हजार जॅकेट-पँट-बुटांना. उरलेले पहिल्या वर्षाच्या पेलेटना, आणि थोडे दुरुस्तीसाठी बाजूला. हाताचा ग्रुप अजून दहा-बारा मिलिमीटरचा असेल तर तेवढंही नको. क्लबची रायफल वापरा आणि पैसे बँकेत ठेवा. नवी कोरी तीन लाखांची रायफल घ्यायची वेळ, मूल राज्य संघाच्या दारात उभं राहील तेव्हा येईल. तोवर कर्ज काढून ती घेऊ नका.