कायद्यापलीकडचा उपवास

गतवर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या आणि वर्षभर घरोघरी जपून ठेवलेल्या झावळ्या जाळून केलेली राख राखेच्या बुधवारी कपाळी लागली, की वसईच्या मराठीभाषक कॅथलिक समाजात प्रायश्चित्तकाळास आरंभ होतो. तेथून ईस्टरच्या पूर्वदिनापर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. परंतु रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपवास करावयाचा नाही, असा प्राचीन दंडक असल्यामुळे मधले सहा रविवार वजा जाता येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या दिवसांइतकेच 40 दिवस उरतात.

या साऱ्या दिवसांवर एके काळी उपवासाचा कडक अंमल असे. 1966 साली पोप सहावे पॉल यांच्या फर्मानाने हा शिरस्ता पालटला. आता सक्तीचे उपवास दोनच, राखेच्या बुधवारचा आणि गुड फ्रायडेचा. त्या दिवशी पोटभर जेवण एकदाच घ्यावयाचे, शिवाय सकाळ-संध्याकाळ अल्पाहाराची मुभा. हे बंधन वयाच्या अठराव्या वर्षापासून 59 पुरी होईपर्यंतचे. शुक्रवारीही पाळावयाचा मांसवर्ज्याचा नियम मात्र चौदाव्या वर्षीच लागू होतो, आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही.

मांसास मनाई असली तरी मासळीस ती नाही, हे कलम समुद्रकाठच्या माणसाची खरी परीक्षा पाहते. कारण शुक्रवारी मटणाऐवजी तळलेल्या पापलेटाच्या तुकड्या ताटात वाढून घेणाऱ्याकडून नियमाचा भंग होत नाही, तसा जिभेचा त्यागही होत नाही. म्हणूनच कित्येक घरी कायद्याने न मागितलेली मासळी आणि मद्यही या काळात स्वखुशीने सोडतात, लग्नकार्ये ईस्टरनंतर काढतात, आणि शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांपाशी थांबत, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकत, ख्रिस्ताच्या यातनांचे चिंतन करतात.

ज्या दिवशी कपाळावरची राख चारचौघांना दिसते, त्याच दिवशीच्या मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात, ही मोठी मार्मिक योजना होय. कारण धर्मकृत्ये लोकांना दाखवण्यासाठी करू नयेत, उपवास करणाऱ्याने तोंड धुऊन प्रसन्न दिसावे, हीच त्या अध्यायाची शिकवण. त्यात दान प्रथम येते, मग प्रार्थना आणि शेवटी उपवास, हा क्रमही ध्यानी घेण्याजोगा आहे. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही प्रायश्चित्त केवळ आंतरिक नसावे, ते बाह्य आणि सामाजिकही असावे, असे सांगितले.

सक्ती सैल झाली म्हणून व्रत सोपे झाले, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. पूर्वी काय सोडावे हे धर्मसत्ता सांगे, आता ते बव्हंशी ज्याचे त्याने ठरवावयाचे. आणि वाचलेल्या घासाचे मोल घरातच उरले, कोणा भुकेल्याच्या हाती पडले नाही, तर त्या उपवासाने खर्चात काटकसर झाली, एवढेच म्हणता येईल.