शाल नंतर, पाकीट आधी!

सांगोल्याचा आहे म्हटलं की ऑफिसात पुढचा प्रश्न ठरलेला : डाळिंबं कधी आणतोस? आणीन हो! पण आमच्या भागाची आणखी एक ओळख आहे. सांगोल्यापासून तासाभरावर पंढरपूर. तिथं १९३५ मध्ये विठाबाई नारायणगावकर जन्मल्या. तमाशासम्राज्ञी!

कलीगच्या संगीतात जिच्यावर अख्खं ऑफिस नाचतं, वीकेंडला जिच्यासाठी आपण क्लास लावतो, त्या लावणीचं कॉलेज म्हणजे तमाशाचा फड. तिथं सिलॅबस नाही की सर्टिफिकेट नाही. मोठ्या बायकांची अदा बघत बघत पोरी तयार होणार. म्हणजे नाचणारी तीच, शिकवणारीही तीच. विठाबाईसुद्धा वडील आणि काकांच्या, भाऊ-बापूंच्या फडात अशाच घडल्या.

चीन युद्धाच्या वेळी त्यांनी सीमेवरच्या जवानांपुढे कार्यक्रम केले. खेळ चालू असताना कळा आल्या, तर मागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिगत आजही सांगितली जाते. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव झाला. पण २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा हॉस्पिटलचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. पुढे २००६ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याच नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. छानच झालं. पण टायमिंग बघा!

वाईच्या यमुनाबाई वाईकरांचं तेच. बैठकीच्या लावणीतलं एवढं मोठं नाव, पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर.

आमच्याच जिल्ह्यातल्या अकलूजनं १९९० च्या दशकात लावणी स्पर्धा भरवली. कलावतींना मानाचं स्टेज मिळालं, आणि घरंदाज बायकाही समोर बसून लावणी बघायला लागल्या. सन्मान म्हणजे मला तरी हेच वाटतं : हातपाय चालताहेत तोवर काम, दाम आणि नाव.

यात आपलाही रोल आहे, बरं का. कोरिओग्राफरला एकदा विचारा, ही अदा तुम्ही कुणाकडून उचलली? नाव कळलं तर कार्यक्रमाच्या कार्डावर छापा. त्या बाई हयात असतील तर शिकवायला बोलवा, कोरिओग्राफरइतकंच मानधन द्या. शाल-श्रीफळही द्या जरूर. फक्त पाकीट आधी!